पित्ताशयाचे खडे आणि सुएझचे पंतप्रधान

ब्रिटनचे पंतप्रधान सर अँथनी ईडन यांचे नाव सुएझ कालव्याच्या प्रकरणाशी कायमचे जोडले गेले. त्यांचे आयुष्य पित्ताशयाच्या एका शस्त्रक्रियेने कसे बदलले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

ईडन यांचा जन्म १८९७ चा. पहिल्या महायुद्धात ते लढले आणि अवघ्या ३८ व्या वर्षी परराष्ट्रमंत्री झाले. चर्चिल यांचे वारसदार म्हणून त्यांच्याकडेच पाहिले जाई. पोटदुखी अधूनमधून होत असे, पण कामाच्या रेट्यात ती मागे पडे. पुढे कावीळ झाली आणि पित्ताशयात खडे असल्याचे निदान झाले.

१२ एप्रिल १९५३ रोजी लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा झाली. यकृतात तयार होणारे पित्त आतड्यात नेणारी ही नळी जेमतेम पेन्सिलीएवढी जाड असते. तिला इजा झाली की पित्त पोटात झिरपते किंवा यकृतात तुंबते. त्याच महिन्यात दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली आणि ईडन मरणाच्या दारातून परतले. जूनमध्ये अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. रिचर्ड कॅटेल यांनी तिसरी शस्त्रक्रिया करून पित्ताची वाट आतड्याला जोडून दिली. ईडन तिथे असतानाच इकडे चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका आला. वारसदारच अंथरुणाला खिळलेला! पंतप्रधानपद ईडन यांच्याकडे आले ते १९५५ मध्ये.

दुरुस्त केलेली पित्ताची वाट पुन्हा अरुंद होऊ शकते. पित्त साचते, त्यात जंतू वाढतात आणि थंडी वाजून ताप येतो. जुलै १९५६ मध्ये नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ऐन पेचप्रसंगात, ईडन यांचा ताप १०६ अंशांवर गेला. वेदनाशामके, झोपेची औषधे आणि तरतरी आणणारी अॅम्फेटामिनयुक्त औषधे यांवर ते काम रेटत होते. महिनाअखेरीस युद्ध सुरू झाले आणि ६ नोव्हेंबरला युद्धबंदी मान्य करावी लागली. चुकलेल्या निर्णयाचे सारे खापर आजारावर फोडता येणार नाही. पण ताप आणि अशी औषधे झोप, संयम व विवेक यांवर परिणाम करतात, हे नाकारताही येत नाही. ९ जानेवारी १९५७ रोजी प्रकृतीच्या कारणाने त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतरही १९५७ आणि १९७० मध्ये त्यांच्यावर बोस्टनमध्ये शस्त्रक्रिया झाल्या. १४ जानेवारी १९७७ रोजी ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेही प्रोस्टेटच्या कर्करोगाने. योग्य उपचार आणि देखरेख यांमुळे त्या जखमी नळीसह ते जवळपास २४ वर्षे जगले.

ईडन यांच्या काळात सोनोग्राफी नव्हती. आज साध्या सोनोग्राफीत खडे दिसतात, बऱ्याचदा यकृतावरची चरबीही दिसते. स्थूलपणा आणि मधुमेह हे दोन्हींना निमंत्रण देतात. वजन जरूर कमी करावे, पण हळूहळू. उपाशी राहून झपाट्याने उतरवलेले वजन नवे खडे तयार करू शकते. त्रास न देणाऱ्या खड्यांवर बहुतेकदा लगेच शस्त्रक्रिया लागत नाही. मात्र तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली वारंवार कळ येत असेल, तर ‘पित्त झालंय’ म्हणून आम्लपित्ताच्या गोळ्या घेत दिवस काढू नयेत. वेळेवर, ठरवून केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया सहसा सोपी असते. सूज वाढल्यावर ती अवघड होते. आणि पोटदुखी, कावीळ व थंडी वाजून ताप एकत्र आले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पित्ताची वाट तुंबल्याची ती खूण असते. आज दुर्बिणीतून खडा काढून किंवा स्टेंट टाकून ती बहुतेकदा मोकळी करता येते. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांनीही ही खूण विसरू नये.