हेन्री मॉडस्ली
हेन्री मॉडस्ली (२२ ऑगस्ट, १७७१ - १४ फेब्रुवारी, १८३१) हे इंग्लिश यंत्रनिर्माते होते. धातुकामाच्या लेथमध्ये त्यांनी केलेल्या सुधारणांमुळे एकसारखे, अचूक स्क्रू कातणे शक्य झाले.

वुलविच येथे जन्मलेले मॉडस्ली बाराव्या वर्षी तेथील शस्त्रागारात काडतुसे भरू लागले. लोहारकामातील त्यांचे कौशल्य पाहून जोसेफ ब्रामा यांनी त्यांना आपल्या कुलुपांच्या कारखान्यात घेतले. आठवड्याला ३० शिलिंग वेतन वाढवून न मिळाल्याने १७९७ मध्ये त्यांनी लंडनमध्येच स्वतःची कर्मशाळा काढली.

तोवर कातारी बहुधा हत्यार हातात धरूनच धातू कातत असत. अचूकता मनगटावर अवलंबून राही. एका स्क्रूचा नट दुसऱ्यास बसेलच असे नसे. मॉडस्ली यांनी हत्यार सरकत्या पकडीत बसवले. लांब मुख्य स्क्रूमुळे ती पकड पुढे सरके आणि हा स्क्रू दंतचक्रांद्वारे फिरत्या कामाशी जोडलेला असे. चक्रे बदलली की आट्यांमधील अंतर बदले. यांतील सुटे भाग पूर्वीही ज्ञात होते. ते एका भक्कम, अचूक यंत्रात एकत्र आणणे हे मॉडस्ली यांचे खरे कार्य. छंदासाठी वापरल्या जाणाऱ्या आजच्या छोट्या लेथमध्येही मूलतः हीच रचना आढळते.

मार्क ब्रुनेल यांच्या आराखड्यांवरून त्यांनी पोर्ट्समथच्या गोदीसाठी जहाजांच्या कप्प्या बनवणारी यंत्रे घडवली. त्यांवर १० अकुशल कामगार ११० कुशल कारागिरांचे काम करू लागले.

मॉडस्ली यांचे दफन वुलविच येथे झाले. त्यांच्या कर्मशाळेत काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे एकच प्रमाण देशापुढे मांडले.