लूसी विल्स : परळच्या प्रयोगशाळेतील एक शोध

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव निघाले, की प्लेगची लस आणि सर्पदंशावरील औषध आठवते. परंतु याच संस्थेत १९२८ नंतरची काही वर्षे एक इंग्रज स्त्रीडॉक्टर मुंबईतील गरीब गर्भवतींचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होत्या, याची माहिती फार थोड्यांना आहे. आज गावोगावच्या आरोग्य केंद्रांत गर्भवतीच्या हातावर लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी ठेवली जाते. त्या गोळीतील फॉलिक ॲसिडाचा माग ज्यांनी प्रथम काढला, त्या डॉ. लूसी विल्स यांची ही जीवनकथा.

बालपण व शिक्षण

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घराणे युनिटेरियन परंपरेतले आणि सुखवस्तू होते. विळे, कोयते अशी धारदार हत्यारे बनविण्याचा कारखाना कुटुंबाच्या मालकीचा होता. वडिलांचे शिक्षण विज्ञानाचे, तर आजोळचे आजोबा बर्मिंगहॅममधील नामांकित डॉक्टर. लूसीचे भाऊ लिओनार्ड पुढे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले. दगड, वनस्पती व जीवजंतू यांविषयीचे कुतूहल अशा रीतीने त्यांना घरातच लाभले.

शालेय शिक्षणानंतर १९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९११ पर्यंत त्यांनी तेथील परीक्षा पूर्ण केल्या. पण पदवी त्यांना मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेस बसू देत असे, पदवी मात्र देत नसे. हा अन्याय दूर होण्यास १९४८ साल उजाडावे लागले.

त्याच सुमारास घरावर दुःखाचे आघात झाले. १९११ मध्ये वडील वारले आणि १९१३ मध्ये बहीण एडिथ ऐन तारुण्यात निवर्तली. १९१४ मध्ये लूसी भाऊ व मैत्रिणीसह दक्षिण आफ्रिकेत असताना पहिले महायुद्ध पेटले. मायदेशी परतण्यापूर्वी काही आठवडे त्यांनी केपटाउनच्या रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून शुश्रूषेचे काम केले. परत येताच, जानेवारी १९१५ मध्ये, लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी नाव घातले.

या विद्यालयाचा भारताशी निकटचा संबंध होता. आपल्या बेने इस्राएल समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांनीही तेथेच शिक्षण घेऊन १९१९ मध्ये एम.डी. ही पदवी संपादन केली. लूसी विल्स १९२० मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर झाल्या. मात्र दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात गर्भवतींच्या विकारांवर संशोधन व अध्यापन करण्याचा मार्ग निवडला.

मुंबईचे आवाहन

भारतात दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केलेल्या डॉ. मार्गारेट बॅल्फर या काळात बाळंतपणातील मातामृत्यूंच्या चौकशीच्या कामात गुंतल्या होत्या. मुंबईतील गर्भवतींमध्ये, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांमध्ये, एक भयंकर रक्तक्षय आढळत असे. चेहरा पांढराफटक, अंगावर सूज, चार पावले चालताच धाप आणि शेवटी पुष्कळदा माता व अर्भक दोघांचाही मृत्यू. या दुखण्याचा शोध घेण्यासाठी बॅल्फर यांनी विल्स यांना बोलाविले आणि १९२८ मध्ये त्या मुंबईस आल्या.

हा रोग ओळखणे सोपे नव्हते. रक्तक्षय म्हटले की सर्व रक्तक्षय सारखेच, असा आपला समज असतो. सूक्ष्मदर्शक मात्र निराळे सांगतो. लोहाच्या अभावी होणाऱ्या रक्तक्षयात तांबड्या पेशी लहान व फिकट दिसतात. मुंबईच्या या स्त्रियांच्या रक्तात पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने वाजवीपेक्षा मोठ्या होत्या. अस्थिमज्जेत तयार होणारी पेशी दुभंगण्यासाठी लागणारे जननद्रव्य पुरेसे बनले नाही, की पेशी फुगत जाते, वेळेवर विभागत नाही आणि अपक्व राहते, हे आज आपणास ठाऊक आहे. त्या वेळी मात्र अशा मोठ्या पेशींचा एकच रोग प्रसिद्ध होता : उतारवयात जडणारा, प्राणघातक असा ‘पर्निशस ॲनिमिया’. १९२६ मध्ये अमेरिकेतील मायनॉट व मर्फी यांनी त्यावर यकृताचा आहार गुणकारी असल्याचे दाखविले होते.

मुंबईचे दुखणे तेच होय काय? विल्स यांनी बारकाईने पाहिले. या स्त्रिया तरुण होत्या. त्यांच्या जठरातील आम्ल शाबूत होते. पर्निशस ॲनिमियात ते नाहीसे होते. हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे अशी मज्जातंतूंची लक्षणेही त्यांच्यात नव्हती. पेशींचे रूप सारखे असले, तरी रोग निराळा होता.

ताटातील उणीव

विल्स यांनी जंतूंचा शोध घेतला. तो निष्फळ ठरला. मग त्यांची दृष्टी ताटाकडे वळली. तळपदे या सहकाऱ्यांसमवेत त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांचा आहार व राहणी यांची पाहणी केली. जिचा आहार सर्वांत निकृष्ट, तिला या रक्तक्षयाचा धोका सर्वांत अधिक, असे त्यांना आढळले. पडद्यात राहणाऱ्या गरीब मुसलमान स्त्रियांची स्थिती सर्वांत वाईट होती. फळे, भाजीपाला, दूध हे पदार्थ त्यांच्या वाट्याला जेमतेमच येत. गरोदरपणी शरीराची गरज वाढे आणि ताट होते तसेच राही.

या अनुमानाची प्रचीती पाहण्यासाठी हाफकिन संस्थेत व काही काळ कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत प्रयोग सुरू झाले. प्रथम उंदरांना तशाच निकृष्ट आहारावर ठेवण्यात आले. परंतु उवांमार्फत पसरणाऱ्या एका जंतूमुळे उंदरांना होणारा रक्तक्षय निष्कर्षांत घोटाळा करू लागला. पुढे माकडांवर केलेल्या प्रयोगांतून चित्र स्पष्ट झाले. निकृष्ट आहाराने माकडाचे रक्त तसेच बिघडले आणि यीस्टचा अर्क देताच ते सुधारले.

हा अर्क म्हणजे इंग्लंडमधील सामान्य घरांत पावाला लावून खाल्ला जाणारा ‘मार्माइट’. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून तो तयार होतो आणि स्वस्त मिळतो. विल्स यांनी तो रुग्ण स्त्रियांना दिला. थोड्याच दिवसांत रक्तात नव्या तांबड्या पेशींची गर्दी दिसू लागली, भूक परतली, चेहऱ्यावर तजेला आला. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले.

त्यांची सावधगिरी येथे विशेष नमूद करण्यासारखी आहे. यीस्टमध्ये गुणकारी घटक कोणता, हे त्यांना कळले नव्हते आणि कळल्याचा आव त्यांनी आणला नाही. १९३३ मध्ये इंग्लंडला परतल्यावरही त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. १९३७ च्या अखेरीस पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने प्रवास करून त्या पुन्हा काही आठवड्यांसाठी मुंबईस आल्या. यकृताचा कच्चा अर्क मुंबईच्या रुग्णांना बरे करतो, पण पर्निशस ॲनिमियावर चालणारा शुद्ध केलेला अर्क त्यांना उपयोगी पडत नाही, हे त्यांनी व बार्बरा एव्हन्स यांनी १९३८ मध्ये मांडले. त्यावरून दोन वेगळी द्रव्ये असली पाहिजेत, हे उघड झाले. त्यांतील अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ हे नाव पडले.

बालकांपर्यंत पोहोचलेला शोध

१९४१ मध्ये अमेरिकेत मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी चार टन पालकातून एक द्रव्य वेगळे केले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘फॉलिक ॲसिड’ म्हटले. विल्स घटक तो हाच. दुसरे द्रव्य, जीवनसत्त्व ब-१२, १९४८ मध्ये हाती आले.

फॉलिक ॲसिडाचे रसायन उलगडण्यात आंध्रचे सुपुत्र डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या पथकाचा मोठा वाटा होता. रक्ताचा कर्करोग झालेल्या बालकांना फॉलिक ॲसिडासारखी द्रव्ये दिल्यास रोग उलट बळावतो, असे बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना दिसले. तेव्हा सुब्बाराव यांच्या पथकाने त्याला विरोध करणारे ‘ॲमिनोप्टेरिन’ तयार केले. १९४८ मध्ये फार्बर यांनी सोळा बालकांवरील उपचारांचा वृत्तांत दिला. त्यांतील दहांचा रोग काही काळ मागे हटला. ती सुधारणा टिकली नाही, तरी बालकांच्या या कर्करोगावरील औषधोपचाराचा मार्ग तेथून खुला झाला.

दोन घटकांतील जो भेद विल्स यांनी ओळखला, त्याचे मोल तान्ह्या मुलांच्या बाबतीतही दिसून आले. १९६२ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील जाधव, वेब, वैष्णव व बेकर यांनी काही अर्भकांचे वर्णन प्रसिद्ध केले. ती बाळे अंगावर पिणारी होती, पण मातेच्या शरीरातच ब-१२ ची उणीव होती. बाळ फिकट पडते, हसणे-खेळणे विसरते, त्वचा काळवंडते, हातपाय थरथरू लागतात. अशा बाळाच्या रक्तातही पेशी मोठ्याच दिसतात. केवळ फॉलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारल्यासारखे वाटते. मेंदू व मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. म्हणून बाळ फिकट दिसले की घरच्या घरी टॉनिक पाजण्याऐवजी रक्त तपासून घ्यावे आणि आईच्या आहाराचीही चौकशी व्हावी, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

पुढे १९९१ मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीने सिद्ध केले, की गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष पुष्कळ अंशी टळतात. हा मज्जारज्जू गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांतच मिटत असल्याने गोळी आधीपासून घेणे महत्त्वाचे ठरते.

अखेरची वर्षे

विल्स यांनी १९४७ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयातून निवृत्ती घेतली. विसावा मात्र घेतला नाही. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी पोषण व रक्तक्षय यांचा अभ्यास चालू ठेवला. त्या अविवाहित राहिल्या. डोंगर चढणे व बर्फावरील भटकंती त्यांना प्रिय होती आणि कामावर त्या मोटारीऐवजी सायकलने जात. अखेरच्या वर्षांत त्या लंडनच्या चेल्सी विभागात मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाने ओळखला जाणारा घटक पुढे दुसऱ्या नावाने प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव मागे पडले. परंतु गिरणीत राबणारी गरीब स्त्री मरते ती दैवाने नव्हे, तर तिच्या ताटात जे असावयास हवे ते नसल्यामुळे, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवून दिले. कारण कळले की उपाय करण्याची जबाबदारी येते. आपल्या घरातील गर्भवती सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले जेवते काय, एवढा प्रश्न जरी आपण आज स्वतःला विचारला, तरी परळच्या त्या प्रयोगशाळेतील श्रमांचे चीज होईल.