किइचिरोंची हरवलेली गाडी

आखातात टॅक्सीला हात केला की बऱ्याचदा कॅमरी थांबते. सुट्टीत गावी गेलं की विमानतळावर न्यायला इनोव्हा येते. इथे नेदरलँड्समध्ये आमच्या गल्लीतच तीन यारिस उभ्या असतात. टोयोटा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की त्या नावामागे एक हाडामांसाचा माणूस होता, हे लक्षातच येत नाही. त्या माणसाने बनवलेल्या पहिल्या मोटारीची एकच अस्सल गाडी माहितीत आहे. ती जपानमध्ये नाही. ती इथे हेगमध्ये आहे, आणि पार खिळखिळ्या अवस्थेत आहे.

किइचिरो टोयोडा यांचा जन्म ११ जून १८९४ चा. वडील साकिची हे सुताराचे पोर, शिक्षण बेताचं, पण डोक्यात रात्रंदिवस हातमाग. मागापुढे त्यांना घर दिसत नसे. बायको कंटाळून निघून गेली आणि तान्ह्या किइचिरोला आजी-आजोबांनी सांभाळलं. पुढे साकिचींनी दुसरं लग्न केलं, मुलाला नागोयाला आणलं. मुलगा अबोल निघाला, पण टोकियोच्या विद्यापीठातून १९२० साली मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला आणि वडिलांच्या सूत-कापडाच्या धंद्यात आला.

धागा तुटला की आपोआप थांबणारा, धोटा न थांबता बदलणारा स्वयंचलित माग या बापलेकांनी १९२४ मध्ये पूर्णत्वाला नेला. साकिचींचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्या मागात मुलाचाही मोठा वाटा होता. याच मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घ्यायचं ठरवलं, बोली झाली एक लाख पौंडांची. ओल्डहॅमचे हे प्लॅट आपल्याला परके नाहीत. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ साली त्यांच्याच यंत्रांवर उभी राहिली, आणि पुढे गिरणगावात कित्येकांच्या आजोबांनी प्लॅटच्या यंत्रांवर पाळ्या केल्या. सगळ्या जगाला यंत्रं विकणाऱ्या त्या कंपनीने एका जपानी माणसाकडून माग विकत घ्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

करारासाठी किइचिरो स्वतः परदेशी गेले. इंग्लंड-अमेरिकेतल्या त्या प्रवासात त्यांनी मागांपेक्षा मोटारी जास्त बघितल्या असाव्यात. १९२३ च्या भूकंपात टोकियोची रेल्वे-ट्राम कोलमडली तेव्हा शहर फोर्डच्या बसगाड्यांवर चाललं होतं. त्यानंतर फोर्डने योकोहामात आणि जनरल मोटर्सने ओसाकात जुळणीचे कारखानेच थाटले. जपानी रस्त्यावर जपानी गाडी जवळपास नव्हतीच. १९३० मध्ये साकिची गेले. किइचिरोंनी मागाच्या कारखान्यात एक कोपरा अडवून इंजिनाशी खटपट सुरू केली आणि १९३३ मध्ये रीतसर मोटार विभाग उघडला. घरातल्या सगळ्यांना हे पटलं होतं असं नाही. चालत्या धंद्यातला पैसा या भट्टीत का घालायचा, हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही एकत्र कुटुंबात निघाला असता, तसाच तिथेही निघाला.

त्यांनी शेव्हर्ले आणली आणि सुटी करून एकेक भाग मोजला. इंजिनाचा ठोकळा ओतायला घेतला तर ओतीव काम फुटायचं, शेकडो ठोकळे भंगारात गेले. हात तेलाने माखले नाहीत तर तो इंजिनिअर कसला, असं त्यांचं मत होतं आणि ते स्वतः तसेच वागत. १९३५ मध्ये पहिला ट्रक आला, तर टोकियोच्या प्रदर्शनाला जातानाच वाटेत मोडला. विकलेले ट्रकही बंद पडत. कंपनीची माणसं रात्री-अपरात्री जाऊन दुरुस्त करून येत.

१९३६ मध्ये त्यांची मोटार आली, मॉडेल एए. सहा सिलिंडरचं ३.४ लिटरचं इंजिन, पाठ उतरती, अमेरिकन डिसोटो एअरफ्लोच्या वळणाची. किंमत ३,३५० येन. त्याच वर्षी टोयोडाचं टोयोटा झालं. जपानी लिपीत लिहायला ते आठ फटकाऱ्यांत बसतं आणि आठ हा तिथे शुभ आकडा. १९३७ मध्ये कंपनी वेगळी झाली, १९३८ मध्ये कोरोमो गावात मोठा कारखाना उभा राहिला. हवा तो सुटा भाग हवा तेव्हाच यावा, गोदामात ढीग नको, ही कल्पना किइचिरोंनी तिथेच मांडली. आज पुण्याच्या चाकण-रांजणगावात व्यवस्थापनाची पोरं जे शिकतात, त्याचं मूळ हे. मग युद्ध आलं, सैन्याला मोटारी नको, ट्रक हवे होते. १९४३ पर्यंत एए जेमतेम १,४०४ बनल्या आणि संपल्या.

पुढचा भाग मला सगळ्यात चटका लावतो. युद्धानंतर मंदीने कंपनी दिवाळखोरीच्या दाराशी आली. कुणाला काढणार नाही, असं किइचिरोंनी कामगार संघटनेला १९४९ च्या डिसेंबरात लिहून दिलं होतं. पण बँकांच्या पैशांबरोबर कपातही आली. दोन महिन्यांचा संप झाला, दोन हजारांवर माणसं गेली. शब्द पाळता आला नाही म्हणून जून १९५० मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं. माझ्या मते गाड्यांपेक्षा हे मोठं काम होतं, कारण मालकाने माणसं काढून स्वतः खुर्चीत राहायचं ही रीत तेव्हाही होती आणि आजही आहे.

तीन आठवड्यांत कोरियाचं युद्ध पेटलं. अमेरिकी लष्कराने ट्रकांची मोठी मागणी नोंदवली आणि कंपनी तरली. किइचिरोंना परत यायची गळ घातली गेली, ते तयारही झाले. पण २७ मार्च १९५२ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. वय ५७. निस्सान ऑस्टिनच्या, तर इसुझू हिलमनच्या मदतीने मोटारी बनवत होती. टोयोटाने १९५५ मध्ये परक्या मदतीशिवाय क्राउन आणली. ती पाहायला ते नव्हते.

कंपनीने पन्नाशीनिमित्त पहिली एए शोधायला घेतली तर एकही मिळेना. शेवटी जुन्या आराखड्यांवरून नवी बनवावी लागली. ती चकचकीत प्रतिकृती आहे. जुन्या जपानी गाड्यांच्या शौकिनांनी तोवर १९६७ च्या टोयोटा २००० जीटीला डोक्यावर घेतलं होतं; पुढे लिलावात तिने दहा लाख डॉलरचा आकडा ओलांडला. एए मात्र कुणाच्या हाती लागत नव्हती.

ती सापडली २००८ मध्ये, रशियात व्लादिवोस्तोकच्या बाजूला, एका शेतकरी कुटुंबाकडे. शेतीच्या कामाला राबलेली. सुकाणू उजवीकडून डावीकडे आणलेलं, मिळतील ते रशियन भाग जोडलेले, रंगाचा पत्ता नाही. नेदरलँड्समध्ये टोयोटा आयात करणाऱ्या लाऊमन कुटुंबाने ती मिळवली आणि एक शहाणपणा केला, तिला रंगरंगोटी केली नाही. कारण ती नवी करायची तर निम्मी गाडी बदलावी लागेल, मग नागोयाजवळच्या प्रतिकृतीत आणि हिच्यात फरक काय? आमच्या ओळखीच्या एका काकांना हे पटलं नाही. एवढ्या मोठ्या कंपनीची पहिली गाडी आणि हे काय भंगार, असं ते तिच्यासमोरच जोरात म्हणाले. नंतर वाकून दाराच्या बिजागऱ्या मात्र बराच वेळ बघत होते. काका आयुष्यभर टर्नर होते.

एप्रिल-मे मध्ये ट्युलिप बघायला पाहुणे येतात, तेव्हा कॉकनहॉफनंतर अर्धा दिवस हेगच्या लाऊमन म्युझियमसाठी ठेवा. गाडीने गेलात तर तासाभराच्या आत पोहोचाल. फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतं.