विजेच्या कडकडाटात बोललेला नवस

परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही कुणाला काय कबूल केलंय, ते तुमचं तुम्हाला माहीत. सिद्धिविनायकाला चालत येईन, माउंट मेरीला मेणबत्ती लावीन, पास झालो तर महिनाभर वडापाव सोडीन. रिझल्ट लागला की यातलं बरंचसं आपण सोयीस्करपणे विसरतो. पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीतला एक कॉलेजचा मुलगा मात्र विसरला नाही. त्याने नवस फेडला आणि पुढे नवस बोलण्याच्या कल्पनेलाच आव्हान दिलं.

त्याचं नाव मार्टिन ल्यूथर. अमेरिकेतले मार्टिन ल्यूथर किंग वेगळे, बरं का. त्यांच्या वडिलांनी दोघांची नावं बदलून या मूळ ल्यूथरच्या नावावरून ठेवली.

मार्टिनचं नावसुद्धा एका संताचं. त्याचा जन्म १० नोव्हेंबर १४८३चा. दुसऱ्या दिवशी संत मार्टिनचा सण होता आणि त्याच दिवशी बाप्तिस्मा झाला, म्हणून हे नाव. वडील हान्स तांब्याच्या भट्ट्या चालवायचे. पोरगा वकील होणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पोरगाही हुशार. एरफुर्ट विद्यापीठात एमएच्या परीक्षेत सतरा जणांत दुसरा आला. मग १५०५मध्ये लॉला प्रवेशही घेतला.

त्याच वर्षी २ जुलैला तो घरून एरफुर्टला परत निघाला होता. वाटेत श्टॉटर्नहाइम गावाजवळ वादळाने गाठलं आणि अगदी जवळ वीज कोसळली. जमिनीवर पडलेल्या त्या २१ वर्षांच्या मुलाच्या तोंडून कुणाचं नाव निघालं? देवाचं नाही, येशूचंही नाही. त्याने हाक मारली संत ॲनला. ॲन ही मारियेची आई, म्हणजे येशूची आजी, आणि खाणकामगारांची संत. खाणींच्या मुलखात वाढलेल्या पोराला तीच आठवणार. मला वाचव, मी संन्यासी होईन, असं तो बोलून गेला.

दोन आठवड्यांत त्याने लॉ सोडलं आणि मठाचं दार ठोठावलं. मित्रांनी समजावून पाहिलं, वडील तर भयंकर संतापले. दोन वर्षांनी मार्टिन धर्मगुरू झाला, तेव्हा ते समारंभाला आले, मठाला घसघशीत देणगीही दिली. पण जेवताना त्यांनी विचारलंच, की ती वीज देवाकडूनच आली होती कशावरून? आणि आईवडिलांचा मान राखायला बायबलच सांगतं ना? हा प्रश्न मार्टिनला आयुष्यभर टोचत राहिला.

मठात त्याने २१ संत निवडले. रोज तिघांची प्रार्थना, म्हणजे आठवड्यात सगळ्यांची पाळी येते. हसू नका. त्याच्या मनात भीती होती ती ख्रिस्ताचीच. चर्चमधल्या चित्रांत ख्रिस्त इंद्रधनुष्यावर बसून न्याय करताना दिसायचा. अशा न्यायाधीशासमोर थेट जायचं कोणत्या तोंडाने? मग मध्ये कुणीतरी आपलं माणूस हवं. आपल्या भाषेत सांगायचं तर वशिला.

१५१०-११च्या सुमारास तो मठाच्या कामासाठी रोमला गेला. तिथे एक पवित्र जिना आहे, २८ पायऱ्यांचा. प्रार्थना म्हणत तो गुडघ्यांवर चढायचा. मेलेल्या माणसाचा आत्मा स्वर्गाआधी पर्गेटरीत शिक्षा भोगतो आणि अशा पुण्याने तो सुटतो, ही समजूत होती. मार्टिन आजोबांसाठी चढला. पण वर पोचल्यावर मनात आलं, की हे खरं असेल कशावरून? म्हातारपणी त्याने ही गोष्ट स्वतः सांगितली.

पुढे तो विटेनबर्गच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. तिथला राजा फ्रेडरिक हा संतांच्या अवशेषांचा मोठा संग्राहक. १५२०पर्यंत त्याच्याकडे १९ हजारांवर अवशेष जमले होते. येशूच्या गोठ्यातलं गवत, मोझेसच्या जळत्या झुडपाचा तुकडा आणि, काय योगायोग पाहा, संत ॲनचा म्हणून दाखवला जाणारा अंगठा! सर्व संतांच्या सणाला, १ नोव्हेंबरला, हे सगळं तिथल्या चर्चमध्ये मांडलं जायचं. दर्शन घेऊन दान टाकलं की पर्गेटरीतल्या शिक्षेत सूट मिळायची. या सुटीला इंडल्जन्स म्हणत.

त्याच सणाच्या आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १५१७ला, ल्यूथरने इंडल्जन्सच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे आर्चबिशपला पाठवले. ते चर्चच्या दारावर ठोकले का, यावर इतिहासकार अजून भांडतात. मुद्दे मात्र छापखान्यांनी जर्मनीभर पोचवले. पोपने त्याला बहिष्कृत केलं, सम्राटाने गुन्हेगार ठरवलं आणि फ्रेडरिकने त्याला वार्टबुर्ग किल्ल्यात लपवलं. तिथून त्याने एक पुस्तक वडिलांना अर्पण केलं. भीतीपोटी आणि तुमच्या मनाविरुद्ध बोललेला तो नवस खरा नव्हताच, अशी कबुली त्यात आहे. अवशेष जमवणाऱ्याच राजाने त्याला वाचवलं, हे मला नेहमी गमतीशीर वाटतं.

मग ल्यूथरचं संतांशी भांडण नेमकं काय होतं? संत वाईट होते, असं तो म्हणाला नाही. मारियेवर तर त्याने फार प्रेमाने लिहिलंय. त्याचा आक्षेप त्यांना हाक मारण्यावर होता. १५२९च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत तो लोकांच्या सवयी मोजून दाखवतो: दात दुखला की संत अपोलोनियासाठी उपास, आगीची भीती असेल तर लॉरेन्स, प्लेगला सेबॅस्टियन. संकटात मन ज्याला बिलगतं तोच माणसाचा देव होतो, असं त्याचं म्हणणं. बायबलप्रमाणे देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त. ख्रिस्तच मध्यस्थ असेल, तर त्याच्यापर्यंत जायला आणखी वशिला कशाला? १५३०च्या आउग्सबुर्ग जाहीरनाम्यात ल्यूथरच्या बाजूने लिहून दिलं गेलं, की संतांची आठवण ठेवा, त्यांच्या श्रद्धेचा कित्ता गिरवा, पण मदत मागू नका.

कॅथलिक बाजूही ऐकून घ्या. ते म्हणतात, पूजा आम्ही देवाचीच करतो. मित्राला आपण सांगतो ना, माझ्यासाठी प्रार्थना कर, तसंच संतांना सांगतो. १५६३मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ही प्रथा योग्य ठरवली आणि तिच्यातले गैरप्रकार थांबवायला सांगितलं. म्हणूनच आजही वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक चर्चमध्ये संतांचे पुतळे असतात आणि नगरच्या जुन्या मिशनच्या चर्चमध्ये ते दिसत नाहीत.

प्रोटेस्टंटांमध्येही एकमत नव्हतंच. १५२२मध्ये विटेनबर्गमध्ये काही जण मूर्ती फोडायला निघाले, तेव्हा ल्यूथर जीव धोक्यात घालून किल्ल्यातून परत आला आणि आठ दिवस प्रवचनं देऊन त्यांना थोपवलं. लोक सूर्यचंद्राचीही पूजा करतात, मग ते आकाशातून उपटून काढणार का, असा त्याचा सवाल होता. आधी मनं बदलू द्या, जबरदस्ती नको. झुरिकमध्ये मात्र दोन वर्षांनी चर्चमधून मूर्ती आणि चित्रं सरळ काढून टाकली गेली.

ल्यूथर स्वतः संत नव्हता, हेही सांगायला हवं. ज्यूंविरुद्ध त्याने उतारवयात जे लिहिलं, ते वाचताना आज अंगावर काटा येतो.

१५४२मध्ये त्याने आर्चबिशपच्या अवशेषांची टर उडवणारं पत्रक काढलं. त्यात गॅब्रिएल देवदूताचा अर्धा पंख होता, पवित्र आत्म्याचं अंडंही होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याची १३ वर्षांची मुलगी माग्दालेना आजारी पडली. विजेला घाबरून संत ॲनला हाक मारणारा मार्टिन आता मुलीच्या खाटेशी गुडघे टेकून रडत होता, पण या वेळी मध्ये कुणी नव्हतं. त्याने थेट देवाकडे मागितलं. मुलगी त्याच्या हातांतच गेली. ती देवाजवळ आहे यावर त्याचा विश्वास होता, तरी दुःख आवरत नाही, हेही त्याने लपवलं नाही.

१८ फेब्रुवारी १५४६ला तो आइसलेबेन या जन्मगावी वारला. त्याला पुरलं विटेनबर्गच्या त्याच चर्चमध्ये, जिथे कधीकाळी संत ॲनचा अंगठा दर्शनाला मांडला जायचा.

पुढे लोक आइसलेबेनला यायला लागले. १६८९च्या आगीत त्याचं जन्मघर जळालं, पण त्यातलं त्याचं एक चित्र वाचलं. हा चमत्कारच, अशी बोलवा झाली. आणि त्याच्या खाटेच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या लाकडाच्या ढलप्या लोक गुपचूप काढून न्यायचे. दातदुखीवर रामबाण म्हणून! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शेवटी प्रोटेस्टंट मंडळींनीच ती खाट जाळून टाकली.