बोर्डो मिश्रण देणारा मिलार्दे : चोरांच्या धाकापायी सापडलं द्राक्षाचं औषध

मुरबाड : आपल्या ठाणे जिल्ह्यात द्राक्षबाग शोधून सापडायची नाही. भात, वाल, भेंडी, आंबा हे आपलं. द्राक्षं येतात ती कसारा घाट उतरून नाशिककडून, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कल्याण-डोंबिवली स्टेशनबाहेर हातगाड्यांवर त्यांचे ढीग लागतात. तरी हौस असतेच. तीन वर्षांपूर्वी मी कल्याणहून येताना रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून द्राक्षाचं कलम आणलं आणि पडवीपुढे मांडव घातला. जुलैत पानांवर तेल सांडल्यासारखे पिवळट डाग आले. पान उलटून बघितलं तर खालून पांढरी बुरशी. पंधरा दिवसांत वेल खराट्यासारखी झाली. निफाडकडच्या पाहुण्यांनी फोटो बघून सांगितलं की हा केवडा, म्हणजे बागायतदार ज्याला डाऊनी म्हणतात तो. गावात दुसरी द्राक्षाची वेल नाही. म्हणजे रोग बहुतेक कलमाबरोबरच घरी आला.

माझी एक वेल गेली, त्याचं एवढं काही नाही. पण असाच रोपांवरून आलेला हा रोग फ्रान्समध्ये आख्ख्या देशाच्या बागा घेऊन बसला होता. त्यावर औषध काढणाऱ्या माणसाची ही गोष्ट. पिएर मारी अलेक्सी मिलार्दे हे त्याचं नाव. नाव ऐकलं नसेल, पण त्याचं औषध आपल्याकडे सुपारीवाले, आंबेवाले, नाशिक-सांगलीचे द्राक्षवाले सगळे वापरतात. बोर्डो मिश्रण ते हेच.

मिलार्दे 1838 साली फ्रान्सच्या पूर्वेकडच्या ज्युरा भागात मोंमिरे-ला-व्हिल या खेड्यात जन्मला. शिकायला तो जर्मनीत हायडेलबर्ग आणि फ्रायबर्गला गेला. फ्रायबर्गला त्याला आंतोन द बारी हे गुरू मिळाले. झाडावर बुरशी येते ती रोग झाल्यावर नाही, तर बुरशीमुळेच रोग होतो, हे ज्यांनी बटाट्याच्या करप्यावर काम करून दाखवलं, ते हे द बारी. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. त्या काळी मात्र बरेच जण हवेला, मातीला नाहीतर देवाच्या कोपाला दोष देत.

1869 मध्ये मिलार्दे स्ट्रासबर्गला शिकवायला लागला. पुढे लढाई झाली, ते शहर जर्मनीकडे गेलं. 1872 मध्ये तो नान्सीला आणि 1876 मध्ये बोर्दोच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला. बोर्दो म्हणजे द्राक्षाचं माहेरघर, आपल्याकडे निफाड-दिंडोरी म्हणावं तसं. फरक एवढाच की तिथली द्राक्षं वाइनसाठी.

तो आला तेव्हा तिथला शेतकरी आधीच मेटाकुटीला आला होता. फायलोक्सेरा नावाचा माव्याच्या जातीचा बारीक किडा मुळं खाऊन वेली मारत होता. हा किडा अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर आला होता. 1868 मध्ये प्लांशों या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी तो ओळखला. त्याच्याही आधी, 1845 पासून, भुरी रोग इंग्लंडमार्गे युरोपात शिरला होता. तोही मूळचा अमेरिकेचाच. भुरीवर गंधक चाललं, पण या किड्यावर काही चालेना. 1875 मध्ये फ्रान्समध्ये सुमारे 840 कोटी लिटर वाइन झाली होती, ती 1889 पर्यंत सुमारे 230 कोटींवर आली. खेडीच्या खेडी रिकामी झाली.

मग उपाय निघाला तो असा, की अमेरिकन वेलीच्या मुळांना हा किडा फारसं काही करू शकत नाही, तेव्हा खुंट अमेरिकन घ्यावा आणि वर डोळा आपल्या जातीचा भरावा. मिलार्दे या मार्गाचा खंदा पुरस्कर्ता होता. नाशिक-सांगलीला आज डॉगरिज खुंटावर थॉमसनचं कलम करतात, ते तत्त्व हेच. तिथे कारण किड्याचं होतं, आपल्याकडे पाणीटंचाई आणि खारी जमीन.

पण खुंट हवे म्हणजे लाखोंनी रोपं हवीत. अमेरिकेतून काड्या आल्या, रोपवाटिका उभ्या राहिल्या, आणि त्याच मालाबरोबर चोरपावलांनी केवडा आला. 1878 मध्ये तो फ्रान्समध्ये पहिल्यांदा ओळखला गेला आणि चार-पाच वर्षांत देशभर पसरला. मुळाचा रोग बरा करायला आणलेली रोपं पानाचा रोग घेऊन आली. मला या माणसाच्या आयुष्यातली हीच जागा सगळ्यात अवघड वाटते. ज्या अमेरिकन वेलींसाठी तो भांडत होता, त्यांच्याच वाटेने हे नवं संकट आलं होतं. तो मागे हटला नाही. खुंटाचं काम त्याने सोडलं नाही आणि रोगाच्याही मागे लागला.

केवडा रोपवाटिकेत जास्त का माजतो, हे ज्यांनी रोपं केलीत त्यांना सांगायला नको. रोपं दाटीत उभी, पानं कोवळी, रोजचं पाणी, खेळती हवा नाही. या रोगाच्या बीजाला पानावर पाण्याचा पातळ थर लागतो. त्या पाण्यात ते अक्षरशः पोहतं आणि पानाच्या खालच्या छिद्रांतून आत शिरतं. शास्त्रज्ञ आता याला खरी बुरशी मानत नाहीत, शेवाळाच्या जवळचं मानतात. आपण बुरशीच म्हणू. रोपाची पानं अवेळी गळली की काडी पिकत नाही, आणि कच्च्या काडीवर कलम धरत नाही.

आता 1882 चा ऑक्टोबर अखेर. मिलार्दे मेदोक भागात सँ-ज्युलियँ गावच्या बागांतून चालला होता. सगळीकडे केवड्याने पानं गळून वेली उघड्या पडलेल्या. पण रस्त्याकडेच्या काही ओळी हिरव्यागार. त्याने जवळ जाऊन बघितलं, तर पानांवर निळसर पांढरे डाग, काहीतरी शिंपडल्यासारखे. बागेचा कारभारी एर्नेस्त दाविद. त्याच्याकडे चौकशी केली तेव्हा कळलं की येणारे-जाणारे रस्त्याकडेचे घड तोडून खातात, म्हणून तिकडचे लोक त्या ओळींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडतात. निळं दिसलं की विष समजून कोणी हात लावत नाही.

रस्त्याकडेच्या वालाच्या शेंगा आणि हरभरा कुठे जातो, हे आपल्या वाचकांना माहीतच आहे. तेव्हा त्या फ्रेंच शेतकऱ्याचं दुखणं आपल्याला लगेच कळतं.

त्या रस्त्याने हजारो माणसं गेली असतील. पानं हिरवी का, हा प्रश्न याला पडला, कारण डोक्यात चार वर्षं तोच रोग घोळत होता. त्याच्या घरच्या विहिरीचीही एक गंमत आहे. केवड्याची बीजं पाण्यात उगवतात का ते तो तपासायचा. पावसाच्या पाण्यात उगवत, विहिरीच्या पाण्यात उगवत नसत. विहिरीचा पंप तांब्याचा होता. पाण्यात उतरलेलं अगदी नखभर तांबंही त्या बीजाला पुरत होतं.

पुढची दोन-अडीच वर्षं प्रयोगांत गेली. विद्यापीठातला रसायनशास्त्राचा प्राध्यापक युलिस गायों जोडीला आला. दाविदने आपल्या ताब्यातल्या बागा दिल्या. नुसता मोरचूद पानं जाळतो. चुना मिसळला की तो मऊ पडतो, पानाला चिकटून राहतो आणि पावसा-दवात थोडं थोडं तांबं सोडत राहतो. 1885 मध्ये मिलार्देने कृती छापून जाहीर केली. 100 लिटर पाण्यात 8 किलो मोरचूद, आणि 30 लिटर पाण्यात 15 किलो कळीचा चुना विरघळवून त्यात मिसळायचा. फवारणी पंप नव्हते. मजूर बादली धरून छोट्या केरसुणीने शिंपडत. त्या वर्षी केवडा जोरात आला, आणि शिंपडलेल्या ओळी तेवढ्या हिरव्या राहिल्या.

श्रेयावरून वाद झालेच. बर्गंडीच्या लोकांचं म्हणणं, आम्ही बांबूसारखे खांब मोरचुदात बुडवून लावतो, त्यांच्याजवळची पानं आम्हीही हिरवी पाहिली होती. खरंही होतं ते. पण कारण शोधून, मोजून, इतरांना करता येईल अशी कृती देणं हे काम मिलार्दे आणि गायों यांचं.

8 किलोचं ते जाड मिश्रण काही वर्षांत त्यांनीच पातळ केलं. आपण आज 1 टक्का करतो : 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगळे भिजवायचे, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडी नको. तयार मिश्रणात स्वच्छ विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला समजायचं. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. कोवळ्या रोपांना याच्या निम्म्या ताकदीचं पुरतं. आणि हे रोग यायच्या आधी मारायचं औषध आहे. पानात शिरलेला केवडा यानं बाहेर निघत नाही. मी त्या जुलैत नेमकं उलटं केलं होतं.

एक गोष्ट त्याच्या हयातीत कोणाच्या ध्यानात आली नसावी. तांबं जमिनीतून जात नाही, साठत जातं. युरोपात आता तांब्याला हेक्टरी 7 वर्षांत 28 किलोची मर्यादा घातली आहे.

मिलार्दे 1902 मध्ये बोर्दोलाच वारला. शेवटपर्यंत तो खुंटांच्या संकरात होता. जोडीदार शार्ल द ग्रासे याच्याबरोबर त्याने काढलेला 41 बी हा खुंट चुनखडीच्या जमिनीत टिकतो, म्हणून शॅम्पेन भागात तो आजही लावतात. त्यावर डाऊनी येतोच, आणि फवारणीही होतेच.