विश्लेषण : साराभाईंनी आधी उसना उपग्रह का घेतला?

पावसाने ओढ दिली की पुण्याच्या मार्केट यार्डात आवक घटते आणि भाव चढतात. त्यामुळे ढगांचे उपग्रहचित्र तिथल्या आडत्याच्याही कामाचे. हे चित्र, दूरचित्रवाणी आणि दूरध्वनी अशी तिन्ही कामे एकाच उपग्रहाकडून करून घेणाऱ्या ‘इन्सॅट’ची मुळे डॉ. विक्रम साराभाई यांच्या एका सावध निर्णयात आहेत.

अडचण काय होती?

अहमदाबादच्या गिरणीमालक कुटुंबात १९१९मध्ये जन्मलेले साराभाई १९६२मध्ये राष्ट्रीय अंतराळ संशोधन समितीचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला, तोही अमेरिकी. खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणी न्यायची, तर उपग्रह परवडेल का, परदेशी सरकारे तो देतील का, गावकरी कार्यक्रम पाहतील का, यातले काहीच नक्की नव्हते. सगळी यंत्रणा एकदम विकत घ्यावी आणि ती फसावी, हे देशाला झेपणारे नव्हते.

मग मार्ग कोणता?

आकाशातले उसने, जमिनीवरचे स्वतःचे. १९६९मध्ये ‘नासा’शी करार झाला आणि ‘एटीएस-६’ हा उपग्रह एका वर्षासाठी मिळणार हे ठरले. तो परत गेला तरी गावातले संच, जाळीच्या साध्या अँटेना आणि तयार झालेले अभियंते इथेच राहणार होते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वीचे उपग्रह भूकेंद्रही परदेशी कंपनीकडून आयते न घेता भारतीय अभियंत्यांनीच उभारावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे त्या केंद्राला ‘विक्रम’ हेच नाव मिळाले.

पुढे काय झाले?

३० डिसेंबर १९७१ रोजी कोवलम येथे साराभाईंचे निधन झाले. वय अवघे ५२. ‘साइट’ प्रयोग १९७५-७६मध्ये सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत झाला (त्यात महाराष्ट्र नव्हता). ठरल्याप्रमाणे वर्षभराने उपग्रह परत गेला. हाती आलेला अनुभव ‘इन्सॅट’च्या आखणीत उपयोगी पडला. १९८२मध्ये सोडलेला ‘इन्सॅट-१ए’ काही महिन्यांतच निकामी झाला. पण उपग्रह जोडीनेच मागवले होते. दुसरा, ‘१बी’, ऑगस्ट १९८३मध्ये अवकाशात गेला आणि ढगांची छायाचित्रे येऊ लागली.