पुस्तकांच्या कमाईतून राखलेले खोरे

इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट हा डोंगर आणि तळ्यांचा प्रदेश. तेथील निअर सॉरी या चिमुकल्या खेड्यात ‘हिल टॉप’ नावाचे सतराव्या शतकातील शेतघर आहे. ‘पीटर रॅबिट’ची गोष्ट लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटर यांचे हे घर पाहण्यासाठी जगभरातून वाचक येतात. खोल्या लहान असल्याने वेळ नेमून दिलेल्या तिकिटावर थोड्याथोड्या लोकांनाच आत सोडले जाते. मात्र पॉटर यांचे सर्वांत मोठे काम या घरात नाही, ते घराबाहेरच्या पायवाटांवर पाहायला मिळते. भोवतालची कुरणे, दगडावर दगड रचून घातलेले गडगे आणि मेंढ्या चरणारे डोंगर आजही टिकून आहेत, त्यामागे या लेखिकेची जवळजवळ चार दशकांची खटपट आहे.

बीट्रिक्स यांचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन भागात झाला. कापडाच्या धंद्यातून आलेली घरची श्रीमंती मोठी होती. मुलीला शाळेत घातले गेले नाही. शिक्षिका घरी येऊन शिकवीत. धाकटा भाऊ बर्ट्रम आणि पाळलेले ससे, उंदीर, साळू हेच त्यांचे सोबती. त्यांची चित्रे काढण्यात तिचे दिवस जात. १८८२च्या उन्हाळ्यात पॉटर कुटुंब प्रथमच विंडरमिअर तळ्याकाठी मुक्कामाला आले. तेथे धर्मोपदेशक हार्डविक रॉन्स्ली यांची ओळख झाली. रमणीय भूमी सर्वांसाठी राखली पाहिजे, या विचाराने भारलेले रॉन्स्ली पुढे १८९५मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टचे एक संस्थापक ठरले.

बीट्रिक्स यांना ओढ होती विज्ञानाची. अळंब्यांची शेकडो अचूक चित्रे त्यांनी काढली, त्यांचे बीजाणू रुजवून निरीक्षणे नोंदवली. त्यावरील त्यांचा निबंध १८९७मध्ये लिनियन सोसायटीपुढे सादर झाला. पण स्त्रियांना सभेत प्रवेश नसल्याने तो दुसऱ्याने मांडला. ती वाट तेथेच खुंटली. दुसरी वाट एका पत्रातून निघाली. आपल्या माजी शिक्षिकेच्या आजारी मुलाला त्यांनी १८९३मध्ये चार सशांची सचित्र गोष्ट लिहून पाठवली होती. प्रकाशकांनी ती नाकारल्यावर १९०१मध्ये त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने ती बाजारात आणली आणि पीटर रॅबिट घरोघरी पोहोचला.

या व्यवहारातून प्रकाशक नॉर्मन वॉर्न यांच्याशी स्नेह जुळला. १९०५च्या जुलैमध्ये त्यांनी मागणी घातली. व्यवसाय करणाऱ्या माणसाशी सोयरीक आई-वडिलांना मान्य नव्हती. स्वतःची संपत्ती व्यापारातूनच आली आहे, याचा त्यांना विसर पडला होता. तरीही बीट्रिक्स यांनी होकार दिला. महिनाभरातच नॉर्मन यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस पुस्तकांचे मानधन आणि मावशीकडून आलेली थोडी रक्कम घालून त्यांनी हिल टॉप विकत घेतले. आई-वडिलांच्या सेवेसाठी लंडन सोडता येत नव्हते. जमेल तेव्हा चार-आठ दिवस त्या येथे येत. त्या चोरलेल्या दिवसांतच त्यांची अनेक उत्तम पुस्तके तयार झाली. घराचा जिना, चूल, बागेतील वाट आणि शेजारचे मद्यगृह चित्रांत जसेच्या तसे उतरले. आज हातात पुस्तक घेऊन फिरणारी मुले या जागा नेमक्या ओळखतात.

जमीनखरेदीत सल्ला देणारे स्थानिक वकील विल्यम हीलिस यांच्याशी १९१३मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. घरच्यांचा विरोध याही वेळी होताच. दोघे समोरच्याच कॅसल कॉटेजमध्ये राहिले आणि हिल टॉप लेखनासाठी राखले गेले. गावावरच्या मॉस एकल्स तळ्यात बीट्रिक्स यांनी वॉटर लिली लावल्या. उन्हाळी संध्याकाळी पती-पत्नी तेथे होडीतून फिरत. गावातून थोडी चढण चढली की आजही त्या तळ्याशी पोहोचता येते.

यानंतर लेखन मागे पडले आणि शेती पुढे आली. डोंगरातील शेते मोडून बंगल्यांसाठी तुकडे पाडले जाण्याचा धोका वाढत होता. १९२३मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार एकरांचे ट्राउटबेक पार्क घेतले. १९३०मध्ये माँक कॉनिस्टन ही सुमारे चार हजार एकरांची जहागीर विक्रीस निघाली, तेव्हा ती त्यांनी सबंध विकत घेतली आणि अर्धी मूळ किमतीतच नॅशनल ट्रस्टला दिली. टार्न हाउझ हे नयनरम्य तळे त्यातलेच. त्याभोवतीची जेमतेम तीन किलोमीटरची वाट लहान मुलांनाही सहज चालता येते.

केवळ जमीन राखून भागणार नाही, हे त्यांनी जाणले होते. तेथील हर्डविक मेंढ्या कुंपणाविना आपल्याच डोंगरावर चरतात. चरण्याची हद्द कोकरू आईकडून शिकते. कळप विकला गेला की हे ज्ञानही जाते. म्हणून बीट्रिक्स स्वतः चिखलात उतरून या मेंढ्या सांभाळू लागल्या आणि प्रदर्शनांत बक्षिसे मिळवू लागल्या.

२२ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. चार हजार एकरांहून अधिक जमीन आणि चौदा-पंधरा शेते त्यांनी मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्टच्या हवाली केली; डोंगरी शेतांवर शुद्ध हर्डविक कळपच ठेवावेत, अशी अटही घातली. हिल टॉप १९४६मध्ये लोकांसाठी खुले झाले. लेक डिस्ट्रिक्ट १९५१मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि २०१७मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्या मानांकनात डोंगरदऱ्यांइतकेच महत्त्व तेथील मेंढपाळी शेतीला दिले गेले. बीट्रिक्स यांची रक्षा मेंढपाळ टॉम स्टोरी यांनी हिल टॉपवरच्या डोंगरात विखुरली. तेथे समाधी नाही की स्मारकशिला नाही. वाटेच्या दोन्ही अंगांना हर्डविक मेंढ्या चरत असतात.